सर्व्हर संरचना व्यवस्थापन (लहान संगणक गट)

सर्व्हर संरचना व्यवस्थापन म्हणजे सर्व्हरवरील प्रणाली, आज्ञावल्या, वापरकर्ते, परवानग्या, सेवा आणि त्यांची मापदंडे कोणत्या स्थितीत असावीत हे ठरवून, लिहून ठेवून, ती स्थिती टिकवण्याची शिस्त होय. व्यवहारात यासाठी 'कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट' हा शब्द रूढ आहे. हजारो सर्व्हर बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी ही एक स्वतंत्र अभियांत्रिकी शाखा बनली आहे. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, संशोधन विभाग, सहकारी संस्था किंवा पतसंस्था अशा ठिकाणी मात्र दोन ते वीस सर्व्हर एक-दोन व्यक्तींच्या हाती असतात. तेथे या शिस्तीचा मुख्य हेतू वेग नसून सातत्य हा असतो. सांभाळणारी व्यक्ती बदलली, यंत्र बिघडले किंवा प्रणाली कालबाह्य झाली तरी सेवा पुन्हा उभी करता यावी, एवढी माहिती त्या व्यक्तीच्या स्मरणाबाहेर लिखित स्वरूपात असणे ही त्याची कसोटी मानली जाते.

## संज्ञा

*संरचना* या शब्दात सर्व्हरवर बसवलेल्या आज्ञावल्या व त्यांच्या आवृत्त्या, सेवांच्या मांडणी-फायली, वापरकर्त्यांची खाती, अग्निभिंतीचे नियम, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे, डिस्कची विभागणी आणि जाळ्यातील पत्ते यांचा समावेश होतो. लिनक्स प्रणालीत यांपैकी बहुतेक फायली 'इटीसी' नावाच्या निर्देशिकेत साध्या मजकुराच्या रूपात असतात. त्या वाचता येतात, त्यांची तुलना करता येते आणि त्यांचा इतिहासही राखता येतो.

*विदा* (डेटा) म्हणजे सर्व्हरने सांभाळलेला मजकूर, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांचे गुण किंवा सभासदांची खाती. संरचना लिखित असेल तर ती पुन्हा निर्माण करता येते. विदा मात्र एकदा गेली की प्रतीशिवाय परत मिळत नाही. त्यामुळे संरचना व्यवस्थापन हा विदेच्या राखीव प्रतीला, म्हणजे बॅकअपला, पर्याय ठरत नाही. दोन्हींची स्वतंत्र गरज असते.

*विचलन* म्हणजे एकसारखे असायला हवे असलेले सर्व्हर हळूहळू वेगळे होत जाणे. रात्री तातडीने केलेली दुरुस्ती, चाचणीसाठी केलेला आणि मागे घ्यायचा राहिलेला बदल, एका यंत्रावर केलेले व दुसऱ्यावर विसरलेले अद्यतन ही विचलनाची नेहमीची कारणे आहेत.

## लहान गटाची वैशिष्ट्ये

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये, राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, तसेच अनेक सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था आहेत. अशा प्रकारच्या संस्थांत संगणक विभाग हा मुख्य व्यवसाय नसून आधार देणारा विभाग असतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शन तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पुढील बाबी विशेष विचारात घ्याव्या लागतात.

* एका व्यक्तीवरील अवलंबन. सर्व्हर उभारणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिची बदली, नोकरीत बदल किंवा आजारपण यांमुळे सांकेतिक शब्दांपासून डिस्कच्या मांडणीपर्यंतची सारी माहिती एकाच वेळी अनुपलब्ध होऊ शकते.
* विविध वयाची यंत्रे. खरेदी टप्प्याटप्प्याने होत असल्याने दहा वर्षांपूर्वीचा आणि यंदाचा सर्व्हर शेजारी-शेजारी चालतात. दोन्हींवर एकच प्रणाली बसेलच असे नाही.
* वीजपुरवठ्यातील खंड. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की चालू स्मृतीत केलेले, पण फाईलमध्ये न नोंदवलेले बदल नाहीसे होतात. हाताने घातलेला अग्निभिंतीचा नियम किंवा हाताने जोडलेली डिस्क पुन्हा सुरू झाल्यावर आढळत नाही. म्हणून मोठा बदल केल्यानंतर सर्व्हर मुद्दाम बंद करून सुरू करणे आणि सर्व सेवा आपोआप उभ्या राहतात का हे पाहणे, ही एक उपयुक्त चाचणी आहे.
* हंगामी कामकाज. साखर कारखान्यात गळीत हंगाम, तर महाविद्यालयात प्रवेश आणि परीक्षा हे अतिव्यग्र काळ असतात. वजनकाट्याशी किंवा परीक्षा विभागाशी जोडलेल्या सर्व्हरवरील बदल अशा काळापूर्वी पूर्ण करून काही आठवडे बदलबंदी पाळणे इष्ट ठरते. तातडीच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्याला अपवाद असतात.

## इतिहास

या विषयाचा उगम एका लहान गटाच्या गरजेतूनच झाला. १९९३ साली मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने ऑस्लो विद्यापीठाच्या सैद्धांतिक भौतिकी विभागातील निरनिराळ्या जातींची संगणकयंत्रे सांभाळण्यासाठी सीएफइंजिन हे साधन लिहिले. त्यापूर्वी प्रत्येक यंत्रप्रकारासाठी वेगळे आज्ञासंच लिहावे लागत आणि ते वाचणे व दुरुस्त करणे जिकिरीचे होई. बर्जेस यांनी 'काय करायचे' याऐवजी 'काय असायला हवे' हे लिहिण्याची पद्धत आणली.

याला पूरक साधने स्वतंत्रपणे विकसित होत होती. वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी फायलींच्या आवृत्त्या राखणारी आरसीएस ही प्रणाली रचली. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी दूरस्थ यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी एसएसएच तयार केले. १९९६ साली फायलींमधील केवळ फरक पाठवणारे आरसिंक आले. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली निर्माण केली.

२००५ साली ल्यूक केनीस यांचे पपेट, २००९ साली ॲडम जेकब यांचे शेफ, २०११ साली थॉमस हॅच यांचे सॉल्ट आणि २०१२ साली मायकेल डीहान यांचे ॲन्सिबल ही साधने आली. ॲन्सिबल हे नाव अर्सुला ल गिन यांनी १९६६ सालच्या कादंबरीत कल्पिलेल्या, अंतराळात क्षणार्धात संदेश पोचवणाऱ्या यंत्रावरून घेतले आहे. २०१५ साली रेड हॅट कंपनीने ॲन्सिबलची मालकी घेतली. २०२० साली शेफ आणि सॉल्ट यांच्या, तर २०२२ साली पपेटच्या कंपनीची मालकी बदलली.

## तीन मूलभूत भूमिका

स्टीव्ह ट्रॉगट आणि लान्स ब्राउन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्व्हर सांभाळण्याच्या पद्धतींचे तीन वर्ग पाडले. शालेय विज्ञान आणि भूमितीतील परिचित संज्ञांनी ते सांगता येतात.

1. अपसारी: प्रत्येक सर्व्हरवर हाताने बदल केले जातात. काळ जाईल तशी यंत्रे एकमेकांपासून दूर जातात. नियोजन नसलेल्या कोणत्याही गटाची ही आपोआप येणारी स्थिती होय.
2. अभिसारी: अपेक्षित स्थिती लिहून ठेवली जाते आणि साधन प्रत्येक फेरीत यंत्राला त्या स्थितीजवळ आणते. ज्या गोष्टी लिहिलेल्या नाहीत त्या मात्र वेगळ्याच राहतात.
3. एकरूप: यंत्र मुळापासून एकाच कृतीने, ठरलेल्या क्रमाने बांधले जाते. त्यामुळे कोणतीही दोन यंत्रे सर्व बाबतींत सारखी असतात.

अभिसारी पद्धतीचे मर्म घराच्या छतावरील पाण्याच्या टाकीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. 'मोटर दहा मिनिटे चालव' ही आज्ञा टाकी आधीच भरलेली असेल तर पाणी वाया घालवते. टाकीतील तरंगता गोळा मात्र पातळी खाली गेली तरच पाणी आत घेतो आणि टाकी भरली की थांबतो. तो कितीही वेळा तपासला गेला तरी परिणाम एकच असतो. 'या ओळीची फाईलमध्ये भर घाल' असा आज्ञासंच दोनदा चालवला तर ती ओळ दोनदा येते. 'ही ओळ फाईलमध्ये असावी' असे घोषित केले तर ती एकदाच राहते. पुनःपुन्हा चालवूनही परिणाम न बदलण्याच्या या गुणामुळे काम अर्धवट थांबले तरी ते निर्धास्तपणे पुन्हा सुरू करता येते.

## प्रमुख पद्धती

### नोंदवही

प्रत्येक सर्व्हरसाठी एक वही किंवा सामायिक दस्तऐवज ठेवून त्यात दिनांक, बदल, कारण आणि करणाऱ्याचे नाव लिहिणे ही सर्वांत साधी पद्धत आहे. ती कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय आजच सुरू करता येते. वहीतील मजकूर आणि यंत्राची प्रत्यक्ष स्थिती यांची आपोआप पडताळणी होत नाही, ही तिची उणीव होय. मात्र बदलामागचे *कारण* टिपण्याचे काम कोणतेही साधन स्वतःहून करत नसल्याने प्रगत पद्धती स्वीकारल्यावरही नोंदीची गरज संपत नाही.

### आवृत्ती नियंत्रण

'इटीसी' निर्देशिका गिटसारख्या प्रणालीखाली आणली की कोणती ओळ केव्हा आणि कोणी बदलली हे कळते आणि चुकलेला बदल मागे घेता येतो. जोई हेस यांचे इटीसीकीपर हे साधन नवी आज्ञावली बसवताना अशी नोंद आपोआप करते. दोन-तीन सर्व्हर असलेल्या गटासाठी अत्यल्प श्रमात सर्वाधिक लाभ देणारी ही पायरी समजली जाते. नोंदींचा संग्रह त्याच सर्व्हरवर ठेवला तर यंत्राबरोबर तोही नष्ट होतो. म्हणून त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत, ठेवली जाते. या निर्देशिकेत गुप्त कळांच्या फायलीही असल्याने ती प्रत सार्वजनिक ठिकाणी ठेवता येत नाही.

### आज्ञासंच

वारंवार कराव्या लागणाऱ्या कामांसाठी शेल किंवा पायथॉन भाषेत आज्ञासंच लिहिले जातात. ते लवकर तयार होतात. तथापि, आधीची स्थिती तपासणे, चूक झाल्यास थांबणे आणि पुनरावृत्ती टाळणे या जबाबदाऱ्या लिहिणाऱ्यावर पडतात. त्या सांभाळता-सांभाळता आज्ञासंच वाढत जातो आणि काही काळाने तो मूळ लेखकालाच समजतो. ज्या एकव्यक्ती-अवलंबनातून सुटका हवी असते, ते येथे दुसऱ्या रूपात परत येते.

### घोषणात्मक साधने

या साधनांचे कार्यपद्धतीनुसार दोन प्रकार पडतात. ओढणाऱ्या प्रकारात प्रत्येक सर्व्हरवर एक सेवक-आज्ञावली बसवलेली असते आणि ती मध्यवर्ती यंत्राकडून ठरावीक अंतराने सूचना घेते. पपेटमध्ये हे अंतर मुळात ३० मिनिटांचे असते. विचलन आपोआप दुरुस्त होते, पण मध्यवर्ती यंत्र स्वतःच सांभाळावे लागते. ढकलणाऱ्या प्रकारात व्यवस्थापक स्वतःच्या संगणकावरून सूचना पाठवतो. ॲन्सिबल याच प्रकारात मोडते. लिनक्स सर्व्हरवर त्याला एसएसएच आणि पायथॉन एवढेच पुरते. वेगळे मध्यवर्ती यंत्र लागत नसल्याने लहान गटांत हा प्रकार सोयीचा ठरतो. कोणी सूचना पाठवल्या नाहीत तर विचलन तसेच राहते, ही त्याची मर्यादा आहे.

ॲन्सिबलमधील सूचनांच्या फायली यामल या मजकूर-रूपात असतात. प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल एवढेच दाखवणारी पूर्वतपासणीची सोय त्यात आहे. नवख्या सहकाऱ्याला आधी पूर्वतपासणी आणि मगच अंमलबजावणी अशी सवय लावता येते.

### पुनर्बांधणी

या पद्धतीत बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्याऐवजी नव्याने उभारले जाते. रेड हॅट गटातील प्रणालींचे किकस्टार्ट आणि डेबियनचे प्रीसीड यांद्वारे प्रणाली विनाहस्तक्षेप बसवता येते. अमेरिकेतील सॅन दिएगो महासंगणन केंद्राने २०००च्या सुमारास तयार केलेल्या रॉक्स या वितरणाने विद्यापीठांतील संगणक-समूहांसाठी हीच भूमिका घेतली होती: एखादे गणनयंत्र शंकास्पद वाटले तर त्यावरील प्रणाली पुन्हा बसवावी. २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे एकेक सेवा तिच्या अवलंबनांसह बांधून ठेवणे शक्य झाले. एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समध्ये विकसित केलेले निक्स संपूर्ण यंत्र एका घोषणेतून निर्माण करण्याची सोय देते, परंतु त्याची भाषा शिकण्यास वेळ लागतो.

### तुलना

| पद्धत | सुरुवातीचे श्रम | विचलनाची जाणीव | उत्तराधिकाऱ्यास सोपी |
|---|---|---|---|
| नोंदवही | अत्यल्प | नाही | होय, नोंदी नियमित असल्यास |
| आवृत्ती नियंत्रण | अल्प | होय, त्याच यंत्रापुरती | होय |
| आज्ञासंच | अल्प ते मध्यम | क्वचित | क्वचित |
| ढकलणारे साधन | मध्यम | सूचना चालवल्यावर | होय |
| ओढणारे साधन | अधिक | सतत | प्रशिक्षणानंतर |
| पुनर्बांधणी | अधिक | प्रश्न उद्भवत नाही | होय, कृती तपासलेली असल्यास |

## एक तथ्य, एक जागा: नामांतराचे उदाहरण

३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे मुख्यमंत्र्यांनी अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा केली आणि २०२४ साली हे नामांतर अधिकृत झाले. त्यापूर्वी २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले होते. संगणकीय संरचनेच्या दृष्टीने नामांतर म्हणजे अनेक ठिकाणी विखुरलेले एक तथ्य बदलणे होय.

जिल्ह्याचे नाव एखाद्या संस्थेच्या संगणक व्यवस्थेत संकेतस्थळाच्या पत्त्यात, यंत्रांच्या नावांत, ईमेलच्या पत्त्यांत, सुरक्षा प्रमाणपत्रांत, पावत्यांच्या व दाखल्यांच्या शीर्षकांत, राखीव प्रतींच्या निर्देशिकांत आणि आज्ञासंचांच्या आत असू शकते. ते प्रत्येक ठिकाणी हाताने लिहिलेले असेल तर शोधून बदलताना एखादी जागा सुटते. काही दिवसांनी रात्रीची राखीव प्रत तयार होत नसल्याचे किंवा छापील दाखल्यावर जुनेच नाव येत असल्याचे लक्षात येते. घोषणात्मक साधनांत असे नाव एका *चलात* ठेवतात आणि सर्व फायली त्या चलापासून निर्माण होतात.

तथापि, सर्वच ठिकाणी नाव बदलणे योग्य नसते. पुढील भेद पाळला जातो.

* दर्शनी नाव, म्हणजे शीर्षके, दाखले आणि मुखपृष्ठे, अधिकृत निर्णयानुसार बदलतात.
* पत्ते बदलले तरी जुना पत्ता काही काळ चालू ठेवून नव्याकडे वळवला जातो. त्या काळात सुरक्षा प्रमाणपत्र दोन्ही नावांचे असावे लागते, अन्यथा जुन्या दुव्यावरून येणाऱ्या वाचकास धोक्याची सूचना दिसते.
* अंतर्गत ओळख, उदाहरणार्थ विदा-कोष्टकातील जिल्ह्याचा क्रमांक, बदलली जात नाही. नावाऐवजी क्रमांक ओळख म्हणून वापरला असेल तर नामांतराचा जुन्या नोंदींवर परिणाम होत नाही.
* ऐतिहासिक नोंदी जशाच्या तशा ठेवल्या जातात. २०१० सालच्या दाखल्यावर तेव्हाचेच नाव असते.

यंत्रांना स्थळावरून किंवा व्यक्तीवरून नावे न देता कामावरून आणि क्रमांकावरून द्यावीत, या संकेतामागेही हेच कारण आहे.

## गोपनीय माहिती

सांकेतिक शब्द आणि गुप्त कळा साध्या मजकुरात आवृत्ती नियंत्रणाखाली ठेवणे धोक्याचे असते. नंतर ती ओळ काढून टाकली तरी इतिहासात ती शिल्लक राहते. ॲन्सिबलमधील 'व्हॉल्ट' या सोयीने अशा फायली कूटबद्ध करता येतात. व्हॉल्टचा मुख्य सांकेतिक शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असणे किंवा मोहोरबंद पाकिटात संस्थाप्रमुखांच्या ताब्यात असणे आवश्यक असते, अन्यथा ती व्यक्ती गेल्यावर संपूर्ण संग्रह निरुपयोगी ठरतो. प्रत्येक व्यवस्थापकाची एसएसएच कळ स्वतंत्र असावी. त्यामुळे एखादी व्यक्ती संस्था सोडून गेल्यावर तिचा प्रवेश एका बदलाने सर्व यंत्रांवरून काढता येतो.

## नियामक अपेक्षा

भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, विदा केंद्रे, निगम संस्था आणि शासकीय संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे, कार्यनोंदी १८० दिवस राखणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवणे अपेक्षित आहे. यांपैकी पहिल्या दोन अपेक्षा प्रत्यक्षात संरचनेचेच प्रश्न आहेत. प्रत्येक यंत्रावर वेळेचा स्रोत आणि नोंदी राखण्याचा कालावधी हाताने लिहिण्याऐवजी एका घोषणेतून लागू केल्यास अनुपालन तपासणेही सोपे होते.

## महाराष्ट्रातील वैज्ञानिक संगणक-समूह

अहिल्यानगर जिल्ह्यालगतच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी तेथे बाजारात मिळणाऱ्या लिनक्स संगणकांच्या समूहावर आधारित आज्ञावली-प्रणाली विकसित करण्यात आली आणि तिचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ साली कार्यान्वित झाला. अशा समूहात एका यंत्रावरील संगणन-ग्रंथालयाची आवृत्ती वेगळी असली तर तेच गणित निराळे उत्तर देऊ शकते. म्हणून तेथे एकरूपता ही सोय नसून निष्कर्षाच्या विश्वासार्हतेची अट असते.

## अपयशाची उदाहरणे

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार कंपनीत आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली हाताने चढवताना एक सर्व्हर राहून गेला. त्या सर्व्हरवरील जुनी, वापरातून गेलेली आज्ञावली जागी झाली आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. चढवलेले काम दुसऱ्या व्यक्तीने तपासण्याची पद्धत नव्हती, असे अमेरिकी नियामकाच्या आदेशात नमूद आहे.

दुसरे उदाहरण प्रणालीच्या आयुर्मानाचे आहे. विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ८ या प्रणालीचा आधार आधी जाहीर केलेल्या मुदतीऐवजी ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपला, तर सेंटओएस ७चा ३० जून २०२४ रोजी संपला. संरचना लिखित असेल तर रॉकी किंवा अल्मा लिनक्ससारख्या पर्यायावर ती पुन्हा लागू करता येते. ती केवळ जुन्या यंत्रातच असेल, तर स्थलांतरापूर्वी ते यंत्र ओळीओळीने वाचून काढावे लागते.

## मर्यादा आणि आक्षेप

* चूकही वेगाने पसरते. एका घोषणेतील दोष सर्व यंत्रांवर एकाच वेळी लागू होतो. म्हणून बदल आधी एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर लागू केला जातो.
* साधन स्वतःच ओझे बनू शकते. दोन सर्व्हरसाठी मध्यवर्ती यंत्र आणि त्याची स्वतंत्र भाषा शिकणे अनेकदा लाभापेक्षा महाग पडते. अशा ठिकाणी नोंदवही आणि आवृत्ती नियंत्रण पुरेसे ठरते.
* अर्धवट स्वीकार. काही बदल साधनातून आणि काही हाताने होऊ लागले की लिखित घोषणेवरील विश्वास उडतो. हाताने केलेली तातडीची दुरुस्ती त्याच दिवशी घोषणेत नोंदवणे हा यावरील उपाय होय.
* न तपासलेली लिखितता. कृती लिहिलेली आहे, पण तिने यंत्र खरोखर उभे राहते का हे कोणी पाहिलेले नसते. वर्षातून एकदा, मूळ लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने केवळ लिखित माहितीवरून एखादा सर्व्हर रिकाम्या यंत्रावर उभारून पाहिल्यास हे कळते. ती व्यक्ती जेथे अडते ती जागा म्हणजे संरचनेचा अद्याप न लिहिलेला भाग होय.

## हे सुद्धा पहा

* आवृत्ती नियंत्रण प्रणाली
* लिनक्स
* मुक्त स्रोत आज्ञावली
* संगणक सुरक्षा
* महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण
* अहिल्यानगर जिल्हा